दालचिनी, दादा आणि आमचे ताट

दिवाळी अंकात मधुमेहावर लेख लिहिणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत एरंडेलाची वाटी फिरवण्यासारखे आहे, याची मला पुरेपूर जाणीव आहे. वाचकांच्या एका हातात हा अंक असेल, दुसऱ्या हातात बहुधा चकली असेल, आणि बशीतला बेसनाचा लाडू आपली पाळी कधी येते याची वाट पाहत असेल. तो त्यांनी खुशाल खावा. मी लाडवाविरुद्ध लिहायला बसलेलो नाही. माझे भांडण आहे ते दालचिनीशी. खरे म्हणजे त्या बिचारीशीही नाही, तिच्या नावावर जे खपवले जाते त्याच्याशी. आणि हे भांडण मला का उकरून काढावे लागले हे सांगायचे, तर आमच्या दादापासून सुरुवात करायला हवी.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. ठाण्याला असतो. बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. अंगाने आयुष्यभर किडकिडीत. लग्नातला कोट त्याला अजूनही होतो आणि तो होतो हे तो पाहुण्यांना घालून दाखवतो. बारा वर्षांपूर्वी त्याच्या रक्तात साखर निघाली तेव्हा त्याने डॉक्टरांशीच वाद घातला होता. "मधुमेह हा ढेरपोट्यांचा रोग. माझ्याकडे बघून तुम्हाला तसं वाटतं का?" असा त्याचा सवाल. डॉक्टर हसले आणि त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. त्या तो घेत असे. पण कर्जाचे हप्ते फेडावेत तशा मनाने.

दोन वर्षांपूर्वी सकाळच्या फिरण्याच्या मंडळींपैकी कुणीतरी त्याच्या फोनवर एक निरोप धाडला. रोज पहाटे कोमट पाण्यात एक चमचा दालचिनीची पूड आणि एक चमचा मध घालून प्यावे, चाळीस दिवसांत साखर मुळापासून नाहीशी होते, गोळ्या कायमच्या सुटतात, असा त्यातला मजकूर. मधुमेहावर मध! पण छापील अक्षरावर विश्वास ठेवण्यात आमच्या पिढीचे आयुष्य गेले. आता ते अक्षर फोनच्या काचेवर उमटते एवढाच फरक. दादाने वाण्याकडून पावशेर दालचिनी आणली, ती खलबत्त्यात कुटली आणि काढा सुरू केला.

आणि गंमत अशी की गुण आला. तीन आठवड्यांत उपाशीपोटीची साखर 168 वरून 139 वर उतरली. दादाने तो कागद आम्हा सर्वांना दाखवला. मीदेखील तेव्हा मान डोलावली, हे इथे कबूल करतो. त्यानंतर त्याने जे केले ते मात्र कोणालाच सांगितले नाही. त्याने गोळ्या थांबवल्या.

चार महिन्यांनी एका संध्याकाळी वहिनींना चादरीवर रक्ताचा डाग दिसला. दादाच्या उजव्या तळपायात, अंगठ्याच्या शेजारच्या बोटाच्या मुळाशी, एक टाचणी रुतून बसलेली होती. सकाळी तो बागेत अनवाणी चालला होता (तेही त्याच निरोपांच्या मालिकेतले एक शिक्षण), दुपारी बँकेत जाऊन आला होता, जिना चढला होता, उतरला होता, आणि त्या टाचणीचा त्याला पत्ताच नव्हता. मधुमेह जुना झाला आणि साखर बेताल राहिली, की पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात. दुखणे ही निसर्गाने दिलेली घंटा आहे. ती वाजेनाशी होते. पुढची कहाणी थोडक्यात सांगतो. जखम चिघळली, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी 10.8 निघाली, इस्पितळात सतरा दिवस गेले आणि ते बोट काढावे लागले. त्याच दिवसांत कपाट आवरताना वहिनींना गोळ्यांच्या न उघडलेल्या पट्ट्या सापडल्या. त्या काही बोलल्या नाहीत. पट्ट्या पिशवीत घालून त्यांनी डॉक्टरांपुढे ठेवल्या.

डॉक्टर तरुण, पण समजूतदार होते. मी रागाने दालचिनीला दोन शब्द सुनावले, तेव्हा ते म्हणाले, "काका, दालचिनीनं काहीही बिघडवलेलं नाही. काढा सुरू झाला तेव्हा यांचा सकाळचा दोन कप गोड चहा आणि बिस्किटं सुटली, म्हणून साखर उतरली. मग गोळ्या सुटल्या, म्हणून चढली. दालचिनी मध्ये उभी राहून नुसती बघत होती."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दालचिनी खरोखरच नुसती बघत उभी असते, की तिच्या अंगात काही गुण आहे? निवृत्त माणसाला वेळेची वाण नसते. मी चौकशीला लागलो.

गोष्ट सुरू होते ती अमेरिकेत, तीही एका गोड पदार्थापासून. मेरीलँडमधील बेल्ट्सव्हिल येथे तिथल्या सरकारी शेती खात्याची मोठी प्रयोगशाळा आहे. तेथे रिचर्ड अँडरसन नावाचे संशोधक निरनिराळ्या खाद्यपदार्थांचा इन्सुलिनच्या कामावर काय परिणाम होतो ते पाहत होते. सफरचंदाचा 'पाय' हा तिकडचा घरोघरचा गोड पदार्थ. तो साखर वाढवणार अशी सर्वांची खात्री; पण परिणाम उलटाच दिसला. शोध घेता घेता बोट गेले ते त्या पदार्थात घातलेल्या दालचिनीकडे. त्यानंतर 2003 साली अँडरसन आणि पेशावरचे संशोधक यांनी मिळून पाकिस्तानातील 60 रोग्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. रोज 1, 3 किंवा 6 ग्रॅम दालचिनी, चाळीस दिवस. उपाशीपोटीची साखर 18 ते 29 टक्क्यांनी उतरली. दादाच्या फोनवरचे 'चाळीस दिवस' बहुधा इथूनच प्रवास करीत आले असावेत. फक्त वाटेत एक बारीकशी गोष्ट गळून पडली: ते रोगी मधुमेहाच्या गोळ्या घेतच होते.

पुढे इतरांनी हाच प्रयोग करून पाहिला. हॉलंडमध्ये 2006 साली 25 स्त्रियांना सहा आठवडे रोज दीड ग्रॅम दालचिनी दिली. काही फरक पडला नाही. कुठे पडला, कुठे नाही, असे चालले. 2012 साली कॉक्रेन या संस्थेने असे दहा प्रयोग, मिळून 577 माणसे, एकत्र तपासून सांगितले की मधुमेहावर दालचिनी द्यावी असे म्हणण्याजोगा पुरावा नाही. 2013 सालच्या दुसऱ्या एका आढाव्यात उपाशीपोटीची साखर सरासरीने 24 अंकांनी कमी दिसली, पण तीन महिन्यांची सरासरी मात्र जागची हलली नाही. म्हणजे दालचिनीच्या अंगी काही गुण असेलही. पण तो आज दिसतो, उद्या दिसत नाही, आणि कोणाला किती दिसेल याचा भरवसा नाही. असल्या गुणावर कोणी पायाचे बोट पणाला लावू नये.

दुसरी गोष्ट मला या चौकशीत कळली ती आमच्या बहुतेक गृहिणींनाही ठाऊक नसेल. आपण वाण्याकडून जी आणतो ती पुष्कळदा खरी दालचिनी नसतेच! ती असते तिची चुलत बहीण, कॅसिया. खरी सिंहली दालचिनी पातळ, फिकट तपकिरी, कागदाच्या सुरळीसारखी पदरावर पदर असलेली आणि बोटांनी चुरता येण्याजोगी असते. कॅसिया जाड, गडद, एकाच पदराची आणि खलबत्त्याला दाद न देणारी. 'दालचिनी' हा शब्दच मुळी फारसीतल्या 'दारचिनी'वरून, म्हणजे 'चिनी लाकूड' यावरून आलेला. तेव्हा नावाच्या हक्कावरून दोघी बहिणींत भांडण होण्यासारखे आहे. आपल्या कोकणातही खरी दालचिनी चांगली येते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाची तिची एक जात लागवडीसाठी दिली आहे.

फरक नुसता वासाचा असता तर मी वाचकांचा वेळ घेतला नसता. कॅसियात कुमारिन नावाचे द्रव्य बरेच असते आणि ते रोज जास्त प्रमाणात पोटात गेले तर काहींच्या यकृताला अपाय करते. सिंहली दालचिनीत ते नगण्य. जर्मनीच्या सरकारी तज्ज्ञांनी हिशेब मांडला आहे की 60 किलो वजनाच्या माणसाने रोज 2 ग्रॅमपर्यंत कॅसिया खाल्ली तर चिंता नाही. एक शीगभरला चमचा याच्या पुढे जातो. गोड्या मसाल्यात किंवा मसालेभातात जी काडी पडते तिची कोणी धास्ती घेऊ नये. ती चार माणसांत वाटली जाते आणि तीही रोज नव्हे. पण वर्षभर नेमाने काढा ढोसणे वेगळे.

आता कोणी म्हणेल, आपले प्राचीन वैद्य काय बावळट होते? मुळीच नव्हते. उलट सुश्रुताने मधुमेहाचे जे दोन भेद केले ते वाचून आजच्या डॉक्टरांनीही मान डोलवावी: एक जन्मतः आलेला, दुसरा अपथ्याने ओढवून घेतलेला. दुसऱ्यावर त्याने सांगितलेले उपाय गोड काढ्याचे नाहीत. निर्धन रोग्याने शंभर योजने चालावे, शेत नांगरावे, विहीर खणावी, असे तो सांगतो! (चालताना पायांत काही घालू नये असेही त्याने म्हटले आहे. त्या एका बाबतीत मात्र, आमच्या घरच्या अनुभवानंतर, मी सुश्रुताचे ऐकणार नाही.)

मग दादाला गुण आला तो कशाने? वहिनींनी या प्रश्नाचा छडा घरच्या घरी लावला, आणि या लेखाचा खरा ऐवज तोच आहे. रक्त तपासण्याचे लहानसे यंत्र त्यांनी विकत घेतले, एक दोनशे पानी वही केली, आणि जमाखर्च लिहावा तशा त्या लिहू लागल्या: डाव्या बाजूला जेवणात काय होते, उजव्या बाजूला दोन तासांनंतरची साखर. "भावोजी, मसाल्याचा डबा आपण उगाच धुंडाळत बसलो," महिनाभराने त्या मला म्हणाल्या. "सगळं ताटातच होतं."

आपले ताट आठवून पाहा. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. उजवीकडे भाजी, आमटी. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी आणि नखाएवढी कोशिंबीर. आपण सुरुवात करतो वरणभाताने, मग पोळ्या, मग पुन्हा ताकभात, आणि कोशिंबीर उरली तर ती पानात टाकायची नाही म्हणून संपवायची. 2015 साली न्यू यॉर्कच्या कॉर्नेल वैद्यक महाविद्यालयात 11 मधुमेही माणसांना तेच जेवण दोन तऱ्हांनी दिले: एकदा आधी पाव आणि फळाचा रस, एकदा आधी भाजीपाला व मांस आणि पाव शेवटी. दुसऱ्या तऱ्हेत तासाभरानंतरची साखर सुमारे 37 टक्क्यांनी कमी भरली. पदार्थ तेच, माणसे तीच. फक्त क्रम बदलला. माणसे अवघी अकरा, हे खरे. पण वहिनींच्या वहीतला बारावा माणूस त्यांच्याच बाजूने साक्ष देतो. नेहमीच्या क्रमाने, दोन वाट्या भात आणि तीन पोळ्या: 236. आधी वाटीभर काकडीची कोशिंबीर, मग मटकीची घट्ट उसळ, मग एक पोळी आणि शेवटी अर्धी वाटी भात: 171. दादा त्या दिवशी उपाशी उठला नाही. उसळीनेच त्याचे पोट भरले होते.

यात सगळी किमया क्रमाची नाही. भातपोळीही कमी झाली होती. आणि तेच महत्त्वाचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीतून 2025 साली असे पुढे आले की आपल्या आहारातील 62 टक्के उष्मांक भात, गहू, साखर यांसारख्या पिठूळ आणि गोड पदार्थांतून येतात. डाळी, कडधान्ये, दूध, दही यांचा वाटा तोकडाच. त्याच पाहणीने आणखी एक भ्रम दूर केला. भाताऐवजी पोळी किंवा भाकरी खाल्ली, पण एकूण मापात काही कमी केले नाही, तर फायदा दिसत नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी भात सोडल्याचा मोठा गाजावाजा केला होता; त्या ज्वारीच्या तीन भाकऱ्या खातात. साखर सोडून गूळ धरणारे आणि मैद्याची 'बिनसाखरेची' बिस्किटे डब्यात भरून ठेवणारे त्यांच्याच पंगतीला बसायचे.

उपवासाचे प्रकरण तर मी हातात घेणारच नव्हतो, कारण घरात राहायचे आहे. पण वहीतला सर्वांत मोठा आकडा आषाढी एकादशीचा आहे: साबुदाण्याची खिचडी एक बशी, 261. 'एकादशी, दुप्पट खाशी' असे आपले पूर्वज उगाच म्हणत नव्हते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पीठ. त्यात बटाटा, आणि जोडीला रताळ्याचा गोड कीस. वहिनींनी आता दादाचा उपवास दही, दाण्याची आमटी आणि मूठभर वरी यांवर आणला आहे. देवाने अद्याप तक्रार केलेली नाही.

किडकिडीत दादाला हा रोग झालाच कसा, या त्याच्या जुन्या सवालाचे उत्तर पुण्यात मिळते. तेथील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली लॅन्सेट या साप्ताहिकात स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचे वजन उंचीच्या मानाने अगदी सारखे, निर्देशांक 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर साहेबांची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2 टक्के! म्हणजे आपण वरून बारीक आणि आतून लठ्ठ. ही चरबी पोटात आतड्यांभोवती दडून बसते आणि इन्सुलिनला काम करू देत नाही. तेव्हा लग्नातला कोट होतो यावर कोणी विसंबून राहू नये. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या त्या देशव्यापी पाहणीत मधुमेही भारतीयांची संख्या 10 कोटींवर गेली होती, आणि सर्व राज्यांत पहिला क्रमांक होता आपल्या शेजारच्या गोव्याचा: शंभरात 26. यांतले सगळे काही ढेरपोटे नसणार.

एक इशारा मात्र इथे द्यायलाच हवा, कारण तो आम्ही धडा म्हणून शिकलो. ताट बदलल्यावर तिसऱ्याच आठवड्यात दादाला दुपारी दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळले. साखर 58 वर आली होती. भात कमी झाला, पण पूर्वीच्या भाताच्या हिशेबाने दिलेली गोळी तेवढीच राहिली होती. वहिनींनी वरच्या फळीवर हद्दपार केलेला साखरेचा डबा धावत जाऊन काढला आणि तीन चमचे साखर पाण्यात कालवून त्याला पाजली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. गोळी कमी होऊ शकते, काहींची सुटतेही; पण ती तपासणीच्या कागदावर आणि डॉक्टरांच्या हाताने.

राहता राहिली शतपावली. आपल्याकडे जेवल्यावर शंभर पावले चालायची रीत होती, ती दूरचित्रवाणीने खाल्ली. 2013 साली अमेरिकेत वयस्क माणसांवर केलेल्या एका प्रयोगात दिसले की प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणे हे सकाळी एकदाच पाऊण तास चालण्याइतकेच उपयोगी पडते, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर आवरायला तर अधिकच. चालताना स्नायू रक्तातली साखर उचलून वापरतात, इतकी ती सरळ गोष्ट आहे. शंभर पावलांचे काम दीड मिनिटाचे. ती दीड हजार करावी लागतात एवढेच.

हा लेख लिहीत असताना ठाण्याच्या घरी भाजणी दळून आली आहे. करंज्या यंदा निम्म्या आकाराच्या होणार आहेत, आणि फराळ जेवणाच्या आधी नव्हे, तर जेवणाच्या जागी अर्धे ताट कमी करून मिळणार आहे, असा वहिनींचा हुकूम सुटला आहे. दादाची तीन महिन्यांची सरासरी गेल्या खेपेला 7.1 निघाली. दालचिनीची ती पावशेराची पुडी अजून संपलेली नाही. परवाच्या मसालेभातात तिच्यातली एक काडी होती, आणि भात झकास झाला होता. अर्धी वाटीच मिळाला, हे खरे.

काल रात्री मी तिथेच होतो. जेवण झाल्यावर दादा दाराशी आला, भिंतीला हात टेकून उभा राहिला. वहिनींनी त्याची मऊ तळव्याची चप्पल उचलली, उलटी करून झटकली, आतून बोटे फिरवून पाहिली आणि मग त्याच्या पुढे ठेवली.

"चला," त्या म्हणाल्या, "आणि आज तलावापर्यंत."